दप्तरखान्यातली उमेदवारी

म्हैसूर म्हटलं की दसरा, चामुंडीची टेकडी, वृंदावन गार्डन, चंदनाचा साबण आणि तुपात भिजलेला मैसूर पाक! सहलीला गेलेली मराठी मंडळी दोन दिवसांत एवढं उरकतात, रेशमी साडीचं दुकान गाठतात आणि उटीची बस पकडतात. राजवाड्यापासून फार लांब नसलेल्या एका जुन्या, देखण्या इमारतीकडे वळून पाहायला कुणाला सवड नसते. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने १८८७ साली या इमारतीची पायाभरणी झाली. महाराजा चामराजेंद्र वडियार दहावे यांच्या कारकिर्दीत, १८९१ साली तिथे प्राच्य ग्रंथालय सुरू झालं. पुढे १९१६ मध्ये ते नव्या म्हैसूर विद्यापीठाकडे आलं आणि १९४३ पासून त्याला ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे प्राच्य संशोधन संस्था, हे नाव मिळालं. ताडपत्रांच्या हजारो पोथ्या या संस्थेने जमवल्या. ग्रंथ, नंदिनागरी, तेलुगू, कन्नड, तिगळारी अशा नाना लिपींतल्या.

गंमत अशी की, त्याच १८९१ साली कलकत्त्यात इंग्रज सरकारने आपल्या जुन्या कागदपत्रांसाठी इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट काढलं. आज दिल्लीत असलेलं राष्ट्रीय अभिलेखागार ते हेच. एकीकडे सरकारी फायली, दुसरीकडे पंडितांच्या घरातून आलेल्या पोथ्या. जिन्नस वेगळे, पण सांभाळणाऱ्या माणसाचं काम बरंचसं एकच. आलेलं ओळखायचं, त्याची नोंद करायची, किडीपासून आणि दमटपणापासून ते वाचवायचं आणि शंभर वर्षांनी कुणी मागितलं तर पाच मिनिटांत हातात द्यायचं. या माणसाला सरकारी मराठीत अभिलेखपाल म्हणतात. इंग्रजीत आर्काइव्हिस्ट.

मुलगा डॉक्टर व्हायचं म्हणाला तर पुढचा रस्ता आईबापांना ठाऊक असतो. इंजिनियरचाही ठाऊक असतो. पण एखादी मुलगी जेवताना म्हणाली की, ‘आई, मला अभिलेखपाल व्हायचंय,’ तर त्या घरात काय होईल? आधी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला जाईल. मग प्रश्न येईल : हे शिकवतात कुठे?

याचं खरं उत्तर म्हैसूरच्या या इमारतीत मिळतं. हे कामावरच शिकायचं असतं. आपल्याकडे त्याला जुना, नेमका शब्द आहे : उमेदवारी. निवडणुकीमुळे हा शब्द हल्ली वेगळ्याच लोकांनी पळवला. पण पूर्वी कचेरीत उमेदवारी करणं म्हणजे जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून, आधी बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर, काम पाहत पाहत काम शिकणं. चिटणिसाचा मुलगा चिटणिशी अशीच शिके. शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो, तोही शब्द याच कचेरीतून आलेला आहे.

कोण कुठला पंडित, आणि एक बाड

या उमेदवारीचं मोल कळायचं तर रुद्रपट्टण शामशास्त्री यांची हकिगत ऐकायलाच हवी. जन्म १८६८ चा, कावेरीकाठच्या रुद्रपट्टण गावचा. आधी जुन्या पद्धतीने संस्कृत अध्ययन, मग म्हैसूरच्या संस्कृत पाठशाळेत शिक्षण, आणि पुढे इंग्रजी शिकून बी. ए. संस्कृत आणि कन्नड तर होतंच, पण प्राकृतातही गती होती. युरोपीय विद्वानांचं लेखन वाचता यावं म्हणून जर्मन-फ्रेंचशीही त्यांनी ओळख करून घेतली. हा माणूस म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून लागला.

ग्रंथपालाचं काम काय? बाहेरच्याला वाटेल, कपाटाच्या किल्ल्या सांभाळायच्या. प्रत्यक्षात रोज पुढ्यात बाडं यायची. दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबलेली, भोकातून दोरी ओवलेली ताडपत्रं. वर नाव नाही, कर्ता कोण ते नाही, कधी सुरुवातीची पानं गायब. दोरी सोडायची, वाचायचं, हे काय आहे ते ठरवायचं आणि नोंदवहीत लिहायचं. मग पुढचं बाड. असं महिनोन् महिने.

तंजावर भागातल्या एका पंडिताने ग्रंथालयाला एक पोथी दिली होती. ग्रंथ लिपीतली, ताडपत्रावरची. ती चाळताना शामशास्त्रींच्या ध्यानात आलं की, हे कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ आहे! दंडी आणि बाणभट्ट यांच्यासारख्यांनी ज्याचा उल्लेख केलाय, पण जे मूळ पुस्तक आधुनिक विद्वानांपैकी कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं, ते हे. साल १९०५. त्यांनी भाषांतर नियतकालिकांतून छापायला सुरुवात केली, १९०९ मध्ये संस्कृत संहिता प्रसिद्ध केली आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने आणलं. जगभर खळबळ माजली. प्राचीन भारतात लोक फक्त मोक्षाचा विचार करत बसले होते, ही समजूत एका बाडाने मोडली. करवसुली, हेरखातं, वजनमापं, दारूची दुकानं, विवाहाचे कायदे, सगळं त्यात होतं. म्हैसूरचे महाराज पुढे जर्मनीत गेले तेव्हा ‘म्हणजे शामशास्त्रींच्या म्हैसूरचे का तुम्ही?’ असं त्यांना कुणी विचारलं, अशी गोष्ट म्हैसुरात अजून सांगतात. गोष्ट कितपत खरी ते सोडा, पण राजापेक्षा त्याच्या ग्रंथपालाचं नाव आधी पोचलं याचा त्या गावाला अभिमान आहे, एवढं खरं!

आता उलटा विचार करून पाहा. ती पोथी ग्रंथ लिपी न येणाऱ्या माणसापुढे आली असती तर? त्याने नोंद केली असती : ‘संस्कृत, ताडपत्र, अपूर्ण, विषय नीती.’ लिपी येणाऱ्या, पण दंडी-बाण न वाचलेल्या माणसापुढे आली असती तर? नोंद थोडी बरी झाली असती, इतकंच. नोंद चुकली की बाड जागच्या जागी हरवतं. चोरीला गेलेली वस्तू निदान शोधता येते, पण चुकीच्या नावाने कपाटात बसलेल्या पोथीला कोण शोधणार?

आणि शामशास्त्रींना हे कुठल्या वर्गात शिकवलं होतं? असा वर्गच नव्हता. पाठशाळेने संस्कृत दिलं, विद्यापीठाने पदवी दिली, पण अनोळखी पोथीच्या चार ओळी वाचून तिचं गोत्र ओळखायची नजर रोजच्या कामाने दिली.

हात धुऊन, पुसून, मग दोरी सोडायची

नव्या माणसाचा पहिला धडा हाताचा असतो. ताडपत्र वाळून कडक झालेलं असलं की काचेसारखं तडकतं. म्हणून हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. दोरी ओढायची नाही, सैल करायची. पान वर उचलून डोळ्यांशी न्यायचं नाही, डोळे पानाशी न्यायचे. दोन पानं चिकटलेली दिसली की नखाने सोडवायचा मोह होतो. ती सोडवायची नाहीत, जाणत्याकडे न्यायची. या एका मोहापायी किती पोथ्यांची शकलं झाली असतील, याची गणतीच नाही.

मग ताडपत्र म्हणजे काय ते शिकायचं. ताडाचं पान जाड, श्रीताडाचं पातळ आणि लवचिक. पानं उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत करत आणि लोखंडी लेखणीने त्यावर अक्षरं कोरत. शाईने लिहीत नसत, कोरत. त्यामुळे काजळी निघून गेलेलं पान पाहिलं की ते कोरंच वाटतं. त्यावर काजळी चोळून हलक्या हाताने पुसली की ओरखड्यांत काळं बसतं आणि ओळी उमटून येतात. नवशिक्याला पहिल्यांदा हे पाहताना जादूच वाटते! सिट्रोनेलासारखं गवताचं सुगंधी तेल लावलं की पानाचा कडकपणा कमी होतो आणि किडे लांब राहतात. म्हैसूरच्या संस्थेत हे तेल वापरायचा प्रघात आहे. पण तेल किती, कुठल्या पानाला आणि कुठल्याला अजिबात नाही, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. त्यासाठी शेजारी कुणीतरी लागतं.

दुसरा धडा डोळ्याचा. ताडपत्रावर शब्द सुटे लिहीत नाहीत, अक्षरामागून अक्षर सलग जातं. पानांचे आकडे समासात असतात, तेही त्या त्या लिपीच्या अंकांत. नंदिनागरी ही आपल्या नागरीची बहीण. मराठी माणसाला पहिल्या नजरेत ती ओळखीची वाटते आणि दुसऱ्या ओळीत तो अडखळतो, कारण तिच्यात डोक्यावरची रेघ सलग नसते आणि काही अक्षरं भलतीच वळतात. पोथीच्या शेवटी लेखकू बहुधा आपलं नाव आणि काळ लिहितो. पण काळ कसा? ‘विकारी संवत्सर, अमुक मास, अमुक तिथी.’ संवत्सरं साठ, ती फिरून फिरून येतात. विकारी संवत्सर १७७९ ला आलं, १८३९ ला आलं आणि १८९९ लाही आलं. यातलं कुठलं? मग अक्षराचं वळण, पानाची जात, वार आणि तिथी जुळतात का, असा सगळा पंचनामा करायचा. शेजारच्या जुन्या माणसाने अशा शेकडो पोथ्या पाहिलेल्या असतात. तो पान न वाचताच म्हणतो, ‘हे हस्ताक्षर एवढं जुनं नाही.’ कसं कळलं, असं विचारलं तर त्यालाही नीट सांगता येत नाही. सोनाराला कस लागतो, तसं ते असतं.

तिसरा धडा कंटाळ्याचा, आणि तो सगळ्यांत अवघड. नोंदीच्या तक्त्यात पोथीचं नाव, कर्ता, लिपी, पानांची संख्या, एका पानावरच्या ओळी, लांबी-रुंदी, आरंभीचे शब्द, शेवटचे शब्द, स्थिती, हे सगळं भरायचं. एक पोथी झाली की दुसरी. शंभरातल्या नव्वद पोथ्या त्याच त्या असतात : पंचांगं, स्तोत्रं, व्याकरणाच्या प्रती. नवा माणूस एकविसाव्या स्तोत्राला पानं मोजायचा आळस करतो. जुना माणूस पुन्हा मोजायला लावतो. कारण एका दोरीत कधी कधी दोन-तीन ग्रंथ बांधलेले असतात, आणि पानं मोजली नाहीत तर मधला ग्रंथ दिसतच नाही.

या चिकाटीची जाण दस्तुरखुद्द कौटिल्यालाही होती. अर्थशास्त्रात अक्षपटल नावाच्या दप्तरखान्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इमारतीचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावं, बसायच्या जागा वेगवेगळ्या असाव्यात, वह्या ठेवायची जागा नेमलेली असावी, हिशेब आषाढात हजर व्हावेत, असं तो सांगतो. आणि जो कारकून नोंदी उलटसुलट क्रमाने, दोनदा किंवा न कळेल अशा लिहील त्याला बारा पण दंड! दप्तराचे इतके बारीक नियम सांगणारा ग्रंथ शेकडो वर्षं नोंद नसलेल्या बाडात पडून होता, हा योगायोग मजेशीरच.

दगडावरून कागदावर

म्हैसुरात अशी उमेदवारी चालते ती आणखी एका ठिकाणी. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेचं मुख्य कार्यालय १९६६ साली उटीहून म्हैसूरला आलं. पुराभिलेख म्हणजे इथे शिलालेख आणि ताम्रपट. १८८७ पासून या शाखेचे लोक गावोगाव हिंडून लेखांचे ठसे घेत आले आणि वार्षिक अहवालांतून त्यांच्या नोंदी छापत आले.

ठसा घेणं हे काम पुस्तकात अर्ध्या पानाचं आहे. दगड ब्रशने धुवायचा, ओला केलेला खास कागद त्यावर बसवायचा, ताठ केसांच्या ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, कागद थोडा सुकला की शाईचा बोळा हलके हलके टेकवत जायचा. वरचा भाग काळा होतो, खाचेतली अक्षरं पांढरी राहतात. वाळला की सोलून काढायचा. एवढंच! पण कागद जास्त ओला राहिला तर फाटतो, कमी ओला राहिला तर खाचेत उतरत नाही. वारं सुटलं की एक कोपरा उडतो. शाई जास्त झाली की अनुस्वार बुजतो, आणि अनुस्वार बुजला की वाचणारा अर्थाचा अनर्थ करतो. हे कळायला वाया गेलेले कागद लागतात, उन्हातले दिवस लागतात आणि ‘पुन्हा घे’ म्हणणारा वरिष्ठ लागतो.

मराठी माणसाने या ठसेवाल्यांचे आभार मानायला हवेत. म्हैसूरपासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवर श्रवणबेळगोळ आहे. तिथल्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला मराठी लेख शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलाय. चामुंडरायाने मूर्ती करवली, ही हकिगत तिथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत आहे, आणि लिप्याही वेगवेगळ्या आहेत. म्हैसूर संस्थानचे अधिकारी बी. लुईस राइस यांनी १८८९ मध्ये श्रवणबेळगोळच्या लेखांचा संग्रह छापला. बरीच वर्षं मराठीचा पहिला लेख म्हणून तो मान मिळवून होता. पुढे रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा लेख त्याहून जुना मानला जाऊ लागला. तीन भाषांचा हा लेख नोंदवायचा तर एका टेबलाभोवती किती प्रकारचं वाचन जमलेलं हवं, ते पाहा.

दगड उन्हापावसात झिजतो, रस्तारुंदीत जातो, देवळाच्या जीर्णोद्धारात त्यावर ऑइलपेंट बसतो. मग उरतो तो कपाटातला कागदी ठसा. म्हणून त्या कागदांवरूनही भांडणं होतात. म्हैसूरला ठेवलेले तमिळ लेखांचे ठसे चेन्नईला हलवावेत, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०२१ साली दिला. कागदावर ज्याची त्याची माया असते!

म्हैसूरच्या दप्तरात मोडी

आता एक गोष्ट अशी, की जी ऐकून बऱ्याच वाचकांना नवल वाटेल. म्हैसूरच्या जुन्या कारभारात मराठी होती. हैदर-टिपूच्या अमदानीत महसुलाचे हिशेब कन्नड आणि फारसीबरोबर मराठीतही ठेवले जात. पुढे दिवाण पूर्णय्यांच्या काळात आणि त्यानंतर इंग्रज कमिशनर असतानाही मराठी कारकुनांची पकड सुटायला बराच काळ गेला. म्हणजे म्हैसूरच्या जुन्या सरकारी दप्तरात काम करू पाहणाऱ्या कन्नड मुलाला मोडी लिपी शिकणं भाग आहे. आणि त्याच वेळी पुण्यातल्या मराठी मुलांना आपल्याच पणजोबांचं खरेदीखत वाचता येत नाही!

मोडीचा धडा कसा असतो, ते पुण्यात विचारावं. तिथे वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. या मंडळात घडलेलं एक माणूस म्हणजे ग. ह. खरे. असहकाराच्या चळवळीत त्यांचं कॉलेज सुटलं, पदवी राहूनच गेली. पण मंडळाच्या कागदपत्रांत राहून ते मोडी, फारसी, ताम्रपट, नाणी, मूर्ती यांतले असे जाणकार झाले, की पदवीवाले त्यांच्याकडे शंका घेऊन येत. ‘संशोधकाचा मित्र’ हे त्यांचं पुस्तक १९५१ सालचं. कालगणना, लिप्या, मापं अशा गोष्टी नव्या माणसाला कळाव्यात म्हणून लिहिलेलं. स्वतः ठेचा खात शिकलेल्या माणसाने पुढच्याच्या ठेचा कमी व्हाव्यात म्हणून केलेली ही तजवीज. मराठीत असं पुस्तक आहे हे आपलं भाग्य, आणि ते फारसं कुणाला माहीत नाही हे कपाळ!

मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नसतो आणि एकेका कारकुनाचं वळण वेगळं. त्यात साल लिहायचं ते अरबी शब्दांत : ‘इहिदे सितैन मया व अलफ.’ इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११६१. त्यात ५९९ ते ६०० मिळवले की १७६०-६१, म्हणजे पानिपतचं वर्ष! हे गणित कळलं की नव्या माणसाचे डोळे लकाकतात. रियासतकार गो. स. सरदेसायांनी १९३० च्या सुमारास पेशवे दप्तराचे हजारो रुमाल चाळून पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या मंडळींची शाळा याच रुमालांवर झाली. रुमाल म्हणजे कागद बांधायचं फडकं. ते सोडलं तसंच परत बांधणं, हाही त्या शाळेतला एक विषयच.

प्रमाणपत्र हवंच, पण...

याचा अर्थ पद्धतशीर शिक्षण नकोच, असा नाही. १९३९ मध्ये दिल्लीच्या अभिलेखागाराची सूत्रं डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे आली. हे बंगाली गृहस्थ, पण मराठ्यांच्या राज्यकारभाराचे अभ्यासक आणि त्यासाठी मराठी शिकलेले. त्यांच्या काळात, १९४० च्या दशकात, तिथे अभिलेख सांभाळण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. १९७६ मध्ये त्यासाठी वेगळी संस्था निघाली, आणि १९८० पासून ती स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज म्हणून ओळखली जाते. तिथे एक वर्षाची पदविका आणि दुरुस्ती, जतन वगैरेंचे छोटे अभ्यासक्रम चालत आले आहेत. शिक्षण अभिलेखागारातच असल्यामुळे विद्यार्थ्याला वर्गातून उठून थेट दुरुस्तीच्या टेबलापाशी जाता येतं, हा त्याचा खरा फायदा.

परदेशात या उमेदवारीची जास्त कदर झालेली दिसते. पॅरिसमध्ये १८२१ साली स्थापन झालेल्या एकोल दे शार्त या संस्थेत स्पर्धापरीक्षेतून निवडले जाणारे विद्यार्थी शिकत असतानाच सरकारी शिकाऊ कर्मचारी मानले जातात आणि त्यांना पगार मिळतो! ब्रिटनमध्येही अलीकडच्या वर्षांत, अभिलेखागारात नोकरी करता करता अभिलेखपालाची पूर्ण पात्रता मिळवायची सोय झाली आहे. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, पण त्याचं नाव निघालं की डोळ्यांसमोर फिटर, टर्नर आणि वायरमनच येतात. पोथीशेजारी बसून शिकणाऱ्याला विद्यावेतन देऊन दोन-तीन वर्षं टिकवून धरायचं, हे पुरेशा गांभीर्याने कुणी मनावर घेतलेलं नाही. जाणता निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, आणि पाच-सात वर्षांनी नवा माणूस येतो तेव्हा शेजारची खुर्ची मोकळी असते. मग तो कुणाकडे पाहून शिकणार?

हा प्रश्न आज जास्त टोचतो, कारण पैसा आणि यंत्रं आता कुठे येऊ लागली आहेत. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन निघालं, हस्तलिखितशास्त्राच्या आणि लिपींच्या कार्यशाळा झाल्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन हे तिचं लक्ष्य. म्हैसूरच्या ताडपत्रांची छायाचित्रं काढायचं कामही अलीकडच्या काळात हाती घेतलं गेलं. उत्तमच झालं. पण कॅमेरा पान टिपतो, ते कशाचं आहे ते त्याला कळत नाही. पानं उलटसुलट लागली असतील तर तो उलटसुलटच टिपतो. एक कोटी हस्तलिखितांपुढे ग्रंथ, नंदिनागरी, शारदा, मोडी सराईतपणे वाचणारे किती बसवणार? संगणक जुनी अक्षरं वाचायला शिकतोय म्हणतात. त्यालाही आधी कुणीतरी बरोबर वाचून दाखवावं लागतं, म्हणजे त्याचीही उमेदवारीच!

तेव्हा जेवताना प्रश्न टाकणाऱ्या त्या मुलीला काय सांगावं? इतिहास, संस्कृत, मराठी, फारसी यांपैकी कशात तरी चांगली पदवी घे. एखादी जुनी लिपी आत्तापासूनच धर. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवतं. त्याची परंपरा १८२१ च्या बॉम्बे रेकॉर्ड ऑफिसपासूनची. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी शिकता येते. नंतर दिल्लीची पदविका. पगाराची फार स्वप्नं पाहू नको आणि जाहिरातीसाठी डोळे उघडे ठेव, कारण जागा थोड्या आणि त्याही कधी निघतील याचा नेम नाही, हेही तिला स्पष्ट सांगावं. चष्मा लागेल, धुळीने शिंका येतील, वर्षभर केलेल्या कामाचं कौतुक एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेत येईल.

आणि सुट्टीत तिला घरातला जुना ट्रंक उघडू द्यावा. आजोबांच्या काळातली मोडी खतं, सनदा, पंचांगाच्या मागे लिहिलेले हिशेब बहुतेक घरांत अजून निघतात. ते सेलोटेपने चिकटवायचे नाहीत, लॅमिनेट करायचे नाहीत, रबरबँड लावायचा नाही. सुती फडक्यात, वाळवी लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवायचे. त्याआधी एका वहीत प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, लांबी-रुंदी मोजायची, पहिली आणि शेवटची ओळ जमेल तशी उतरवायची. जे वाचता येत नाही तिथे अंदाजाने काही भरायचं नाही, जागा कोरी सोडायची. चाळीस कागदांची अशी यादी तिने कंटाळा न करता पुरी केली, तर पुढची चौकशी करायला हरकत नाही.